अण्णांच्या गोळीच्या नावातला 'एच'

मागच्या मार्गशीर्षातली गोष्ट. मी शनिवार-रविवार धरून फलटणला गेले होते आणि रात्री अडीचच्या सुमाराला अण्णा जे ओरडत उठले की आख्खं घर जागं झालं. आईला वाटलं विंचूच चावला. आमचं घर जुनं, दगडी भिंती, पूर्वी एक-दोनदा निघालेत विंचू, त्यामुळे आईने टॉर्च घेतली आणि आधी गादी झटकली, मग ट्रंक सरकवली, मग कोपऱ्यातली चपलांची रास उपसली आणि अण्णा आपले पाय धरून "अगं विंचू राहू दे, आधी गोधडी काढ पायावरची" म्हणून ओरडतायत. मी गोधडी उचलली तेव्हा तिचं टोक अंगठ्याला नुसतं घासलं तर त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. ४० डिग्रीत कालव्यावर सायकल हाणलेला माणूस हा, सहज रडणारा नाही. डाव्या पायाचा अंगठा बुडाशी लालभडक, चकचकीत, कातडी अशी ताणलेली की टोचलं तर फुटेल.

विंचू काही सापडला नाही.

सकाळी डॉक्टरकडे नेलं. त्यांनी युरिक ॲसिड करायला सांगितलं, ते आलं ६.४. लॅबच्या कागदावर नॉर्मलच्या रकान्यात बसत होतं, म्हणून मग इन्फेक्शन असेल असं धरून अँटिबायोटिक आणि पेनकिलर दिली. आठवड्याभरात उतरलं, अंगठ्यावरची साल निघाली आणि आम्ही विसरलो. तीनेक आठवड्यांनी घोट्यात परत जरा चमक मारायला लागली तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी तीच टेस्ट पुन्हा करायला लावली, ती आली ८.३. ते म्हणाले की हा गाउट, म्हणजे रक्तातलं युरिक ॲसिड वाढून सांध्यात खड्यांसारखं साठतं तो आजार, आणि त्याचा ॲटॅक ऐन भरात असतो तेव्हा रक्तातलं युरिक ॲसिड कित्येकदा खाली उतरलेलं दिसतं, त्यामुळे त्या दिवशीच्या आकड्यावर विसंबायचं नाही, दोन-तीन आठवडे जाऊ द्यायचे आणि मग बघायचं. हे आम्हाला कुणी आधी सांगितलं असतं तर अँटिबायोटिकचा कोर्स तरी वाचला असता, जाऊ दे.

आता गाउट म्हटल्यावर पहिला बळी कुणाचा जातो? तुरीच्या डाळीचा. शेजारच्या काकू, अण्णांचे रिटायर मित्र, पुण्यातली माझी जाऊ, सगळ्यांची यादी एकच, तूर बंद, टोमॅटो बंद, पालक बंद, फ्लॉवर बंद, वांगं तर बघायचंसुद्धा नाही. आईने इमानदारीत सहा महिने मुगाचं वरण केलं. अण्णा दारू पीत नाहीत, मटण वर्षातून पाच-सहा वेळा, मासे तर आमच्याकडे कुणी खातच नाही. म्हणजे ज्या गोष्टींनी युरिक ॲसिड खरोखर वाढतं, मटण, कलेजी, मांदेली-कोळंबीसारखे मासे, बिअर, गोड कोल्ड्रिंक्स, त्यातलं अण्णांच्या ताटात जवळपास काहीच नव्हतं आणि शिक्षा मात्र तुरीला.

यावर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झालाय, २००४ साली छापून आला, सुमारे ४७ हजार पुरुषांवर १२ वर्षं लक्ष ठेवून केलेला. त्यात मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांना गाउट जास्त झाला, दूधदुभतं खाणाऱ्यांना कमी झाला आणि पालक, फ्लॉवर, वाटाणे, डाळी, मशरूम वगैरे ज्यात प्युरिन (ज्याचं अंगात युरिक ॲसिड होतं) भरपूर म्हणून आपण घाबरतो त्यांच्यामुळे काही वाढ दिसली नाही. हे मी आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "अमेरिकेत कुठं तूरडाळ खातात." बोलणंच खुंटलं.

बरं, आपल्याकडे हा रोग काही नवा नाही. आयुर्वेदात वातरक्त म्हणतात, चरकसंहितेत त्याचं एक नाव आढ्यवात आहे, आढ्य म्हणजे श्रीमंत. पायाच्या मुळाशी सुरू होतो आणि उंदराच्या विषासारखा अंगभर पसरत जातो असं जुन्या श्लोकात वर्णन आहे. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "चला, पेन्शनीवर का होईना पण श्रीमंतांचा रोग तरी लागला."

दुसरा ॲटॅक आषाढात आला. माऊलींची पालखी फलटणला मुक्कामाला असते तेव्हा अण्णा दरवर्षी वारकऱ्यांना पाणी वाटायला उभे असतात, सकाळपासून. दुसऱ्यांना हंडेच्या हंडे पाजले आणि स्वतः दिवसभरात दोन पेले प्यायले असतील, का, तर "एवढ्या गर्दीत लघवीला कुठं जाऊ." त्यानंतर आठवड्याने एकादशी, ती त्यांची निरंकार. द्वादशीला पहाटे परत तोच अंगठा, तीच बोंब, फक्त या वेळी आईने विंचू शोधला नाही.

त्यावेळी मी पुण्यात होते आणि त्यांची औषधं ऑनलाइन मागवायची म्हणून भावाला म्हटलं सगळ्या पाकिटांचे फोटो पाठव. बीपीच्या गोळीचं नाव मला माहीत होतं, चार-पाच वर्षं तीच चालू होती. पण फोटोत नावाच्या शेवटी एक 'एच' लागलेला दिसला. आधी वाटलं कंपनी बदलली असेल. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला फोटो दाखवून विचारलं की हा एच म्हणजे काय हो, तर बिल करता करता तो म्हणाला, "हायड्रोक्लोरोथायझाइड. लघवीची गोळी असते ना, ती यातच मिसळलेली, साडेबारा एमजी." मी विचारलं कधीपासून, तर ते त्याला कुठून माहीत असणार. भावाने जुनी फाइल काढली. दिवाळीच्या आधी बीपी जरा चढं आलं होतं तेव्हा डॉक्टरांनी साध्या गोळीऐवजी एचवाली लिहून दिली होती. आणि पहिला ॲटॅक मार्गशीर्षात. मी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं, सहा आठवडे.

मी काही डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते, पण एकदा डोक्यात किडा शिरला की झोप येत नाही. मला पडलेला प्रश्न अगदी बाळबोध होता. लघवी जास्त करवणाऱ्या गोळीने युरिक ॲसिड वाढेल कसं? जास्त लघवी म्हणजे जास्त बाहेर जायला पाहिजे की! अण्णांनीही फोनवर हेच विचारलं, "उलट धुऊन निघाया पायजे." मग पंधरा दिवस मिळेल ते वाचलं आणि श्रावणात घरी गेले तेव्हा ओट्यावर बसून त्यांना समजावून सांगितलं, आणि खरं सांगायचं तर सांगता सांगता मलाच नीट कळलं, कारण अण्णा नीरा उजव्या कालव्यावर कालवा निरीक्षक म्हणून रिटायर झालेत आणि किडनी म्हणजे दुसरं काय, कालवाच.

दोन किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. घरी पाण्याचे २० लिटरचे जार येतात ना, तसले नऊ. आणि लघवी किती होते, दीड-दोन लिटर. म्हणजे बाकीचे १७८ लिटर परत रक्तात ओढून घेतले जातात. प्रत्येक किडनीत दहाएक लाख बारीक नळ्या असतात, गाळलेलं पाणी त्या नळीतून वाहत जातं आणि काठावरच्या पेशी त्यातलं मीठ परत खेचत जातात, मिठामागे पाणी येतं. नळीच्या सुरुवातीच्या भागातच मीठ-पाण्याचा जवळपास दोन तृतीयांश हिस्सा परत जातो. मग एक लांब वळण लागतं, हेन्ले नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८६२ मध्ये ते दाखवलं म्हणून हेन्लेचं वळण, तिथे अजून पाव हिस्सा मीठ जातं. मग शेवटाकडे पाचेक टक्के.

"म्हंजे हेड, मधला आणि टेल," अण्णा म्हणाले.

अगदी तेच, हेड म्हणजे कालव्याचं तोंड आणि टेल म्हणजे शेवट. आणि लघवीच्या गोळ्या यातल्या कुठल्या ठिकाणी मीठ खेचणारा पंप बंद पाडतात त्यावर त्यांची जात ठरते. फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड या वळणावर बसतात, तिथे पाव हिस्सा मिठाचा सवाल असतो म्हणून त्या जोरदार, पायाला सूज, छातीत पाणी, हार्टचा पेशंट, तिथे याच लागतात. फ्युरोसेमाइडचं कंपनीचं नाव लॅसिक्स, ते सहा तास टिकते यावरून पडलं म्हणतात, लास्ट्स सिक्स. थायझाइडवाल्या, म्हणजे आमचा एच, क्लोरथॅलिडोन वगैरे, टेलला बसतात. तिथे पाचच टक्क्यांचा मामला म्हणून सौम्य, म्हणून बीपीला बऱ्या. पंप बंद, मीठ नळीतच राहिलं, मिठाबरोबर पाणी राहिलं, ते लघवीतून बाहेर.

(मध्येच एक सांगते. या गोळ्या यायच्या आधी लघवी करवायला चक्क पाऱ्याची इंजेक्शनं देत. १९१९ मध्ये व्हिएन्नात व्होग्ल नावाच्या मेडिकलच्या विद्यार्थ्याने गरमीच्या, म्हणजे सिफिलिसच्या, पेशंटला पाऱ्याचं औषध दिलं आणि तिची लघवी भसाभसा वाढलेली बघितली, तिथून ते सुरू झालं. तोंडाने घ्यायची पहिली थायझाइड गोळी १९५८ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. तेव्हा एचला फार शिव्या घालू नयेत, पाऱ्यापेक्षा बरा.)

आता युरिक ॲसिड. शरीरातल्या पेशी मोडतात, त्यातल्या प्युरिनचं शेवटी युरिक ॲसिड होतं. बऱ्याच प्राण्यांकडे ते पुढे मोडणारं एन्झाइम असतं, माणसाचं ते उत्क्रांतीत कधीच गेलं. साधारण दोन तृतीयांश युरिक ॲसिड किडनीतून जातं, बाकीचं आतड्यातून. पण किडनीसुद्धा मोठी चिक्कू, गाळलेल्यातलं ९० टक्क्यांच्या आसपास परत आत घेते. आणि हे सगळं घेणं-देणं होतं कुठे, तर हेडला. ते परत खेचणारं मुख्य दार जपानी शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये शोधलं, त्याला युरॅट-वन म्हणतात.

इथे मी अडखळले कारण गोळी टेलला आणि युरिक ॲसिड हेडला, मग संबंध काय. अण्णा तंबाखू मळत होते, म्हणाले, "टेलला गळती लागली की हेडवाले काय करत्यात?"

मी म्हटलं काय करतात.

"यंदा पाणी कमी पडणार म्हनून कालव्याला मोटरी टाकत्यात. आपल्या वाट्याचं काय, दुसऱ्याच्या वाट्याचं बी ओढून घेत्यात. आन् पान्याबरोबर गाळ पन त्यांच्याच रानात जातो."

मी ताड्कन उठलेच. कारण पुस्तकात जे वाक्य मी चार वेळा वाचूनही कळलं नव्हतं ते हेच होतं. गोळीने मीठ-पाणी बाहेर गेलं की शरीराला वाटतं पाणी कमी पडतंय, हार्मोन सुटतात आणि नळीचा सुरुवातीचा भाग जोरात मीठ-पाणी ओढायला लागतो, आणि त्या ओढीत युरिक ॲसिडही परत रक्तात जातं. गाळ हेडवाल्याच्या रानात. त्यात माणूस पाणीच प्यायला नाही, वर उन्हात उभा राहिला, की ओढ अजून वाढली. निरंकार उपासाचं तर आणखी वेगळं, उपाशीपोटी अंगात जी आम्लं तयार होतात ती युरिक ॲसिडला बाहेर पडू देत नाहीत. पालखी, एकादशी आणि एच, तिन्ही एकाच बाजूला ढकलत होते.

आणि दुसरं कारण तर मला फारच गमतीचं वाटलं. या गोळ्यांना काम नळीच्या आतल्या बाजूने करायचं असतं. पण रक्तात त्या प्रोटीनला चिकटून फिरतात त्यामुळे चाळणीतून फारशा गळत नाहीत, मग नळीत शिरायचं कसं, तर हेडच्या भागात पेशींना बाजूची दारं असतात, रक्तातली नको असलेली आम्लं तिथून नळीत टाकली जातात, त्या दारातून. आणि युरिक ॲसिड बाहेर टाकायलाही तीच दारं. म्हणजे गोळी रोज सकाळी येऊन त्याच रांगेत उभी राहणार आणि युरिक ॲसिड मागे राहणार. लघवी वाढते ती तर सुरुवातीचे काही दिवसच जाणवते, नंतर शरीर जुळवून घेतं, पण युरिक ॲसिड गोळी चालू आहे तोवर चढलेलंच राहतं. डोस जास्त तर जास्त. बंद केली की हळूहळू उतरतं.

रक्तात युरिक ॲसिड साधारण ६.८ पर्यंत विरघळून राहतं, तेही ३७ डिग्रीला. पायाचा अंगठा हृदयापासून सगळ्यात लांब, सगळ्यात गार, तिथे ते सुयांसारखं गोठतं. अण्णांची थंडीतसुद्धा पाय गोधडीबाहेर काढून झोपायची सवय, आई तीस वर्षं ओरडतेय त्यावरून. आता तिला शास्त्रीय आधार मिळाला.

लघवी वाढवणारी प्रत्येक गोळी असं करते असं मात्र नाही. माझ्या मामाला शुगरसाठी डॅपाग्लिफ्लोझिन चालू आहे, त्याने लघवीतून साखर जाते, लघवी वाढते, आणि त्याचं युरिक ॲसिड उलट खाली आलं. त्या औषधाचा तसा गुणच आहे. उलट हार्टसाठी घेतात ती कमी डोसची ॲस्पिरिन, टीबीतली पायराझिनामाइड, यांनी वाढतं. म्हणून औषधांची पूर्ण यादी डॉक्टरपुढे ठेवावी हे मी आता ज्याला त्याला सांगत सुटलेय, लोक कंटाळलेत.

अण्णांना म्हटलं गोळी मनाने बंद करायची नाही, बीपी उसळलं म्हणजे अंगठ्यापेक्षा महाग पडेल. फाइल घेऊन डॉक्टरकडे गेलो. मला वाटलं चिडतील, गूगल करून आली म्हणून. पण त्यांनी पाकीट हातात घेतलं, तारखा बघितल्या आणि सरळ म्हणाले, "हो, याने वाढलं असणार, बदलू." एच काढला आणि लोसार्टन दिली, बीपीच्या गोळ्यांमध्ये ही एक अशी आहे की युरॅट-वनचं दार थोडं अडवते, म्हणजे युरिक ॲसिड थोडं जास्त बाहेर जाऊ देते. जोडीला ॲम्लोडिपिन. दोन महिन्यांनी ८.३ चं ७.१ झालं. पण वर्षात दोन ॲटॅक झाले होते आणि आकडा ६ च्या खाली हवा म्हणून ॲलोप्युरिनॉल १०० पासून सुरू केली, अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी बंद करून दाखवायला या असं दोनदा बजावलं, आणि सुरुवातीचे काही महिने सोबत कोल्चिसिन अर्धा एमजी, कारण युरिक ॲसिड उतरायला लागतं तेव्हा जुने खडे हलतात आणि त्यानेच ॲटॅक येऊ शकतो. हे आधी सांगितलं नसतं तर आईने पहिल्याच कळेला सगळ्या गोळ्या फेकून दिल्या असत्या. मागच्या महिन्यात ५.७ आलंय.

आईने त्या दिवशी तुरीचं वरण केलं. साधं, हिंग-हळद, वरून तुपाची धार. अण्णांनी तीन वाट्या भुरकल्या, वर तोंड करून पाहिलंसुद्धा नाही.

आता अण्णांना नवा उद्योग लागलाय. कट्ट्यावर कुणी गुडघा दुखतो म्हटलं तरी हे "पाकीट आन तुझं" म्हणतात आणि चष्मा कपाळावर सरकवून मागची बारीक अक्षरं वाचायला बघतात. दसऱ्याला आत्या आली होती बारामतीहून. तिच्या बोटांच्या पेरांना गाठी आहेत आणि एक पेर लाल होऊन ठणकत होतं, ती म्हणे वयाचा संधिवात. बायकांना पाळी जाईपर्यंत इस्ट्रोजेनमुळे युरिक ॲसिड जास्त बाहेर जातं, नंतर ते संरक्षण संपतं आणि म्हाताऱ्या बायकांना लघवीच्या गोळीवर बोटांच्या अशाच गाठींत गाउट होतो, हे मी वाचलं होतं पण गप्प बसले. अण्णा नाही बसले.

"पाकीट आन तुझं."

आत्याने पिशवीतून डबी काढली. एच नव्हता. फ्युरोसेमाइड निघाली, ती वळणावर बसणारी लघवीची गोळी, चाळीसची. हार्ट मोठं झालंय तिचं, गेल्या पावसाळ्यात पाय टम्म सुजून दम लागला होता म्हणून ॲडमिट होती, तेव्हापासून चालू. अण्णा बराच वेळ पाकीट उलटसुलट करत राहिले. आत्या म्हणाली, "दादा, बंद करू का ही?"

"खुळी हायस का," अण्णा म्हणाले, "ही बंद केलीस तर श्वास लागंल तुला. डॉक्टरला बोट दाखव आन् युरिक ॲसिड करून घे म्हनाव." आणि माझ्याकडे वळून, "हिला अजून काय देत्यात गं, ती शंभराची?"

मी म्हटलं ते डॉक्टर ठरवतील अण्णा. तर म्हणाले, "ठरवू दे की, पर विचारायला तर पायजे," आणि पाकिटाच्या मागे बॉलपेनने 'अंगठा-बोट विचारणे' असं लिहून डबी परत दिली.